कोरणे आणि कोरवणे



मराठी व्याकरणातील प्रयोजक क्रियापदाचा भाग आपण अभ्यासला असेल. ‘हसणे’वरून ‘हसवणे’, ‘बसणे’वरून ‘बसवणे’, ‘करणे’वरून ‘करवणे’ अशी रूपे तेथे येतात. मूळ क्रिया एकजण करतो आणि ती त्याच्याकडून दुसरा कोणीतरी करवून घेतो; वाक्यात कर्तेपणाचा मान या दुसऱ्याला मिळतो. परीक्षेपुरते एवढे ज्ञान पुरेसे असते. प्रस्तुत लेखात मी याच ‘व’ प्रत्ययाविषयी बोलणार आहे, परंतु थोड्या आडवाटेने. ती वाट पुण्याच्या पेठांतील भांड्यांच्या बाजारातून जाते. तेथील एका लहानशा दुकानात बसून गेली दोन वर्षे मी धातूवर हाताने अक्षरे कोरण्याचे काम शिकत आहे. पन्नाशी ओलांडल्यावर सुरू केलेले हे शिक्षण आहे आणि त्यात मी अजून नवशिकीच आहे.

भाषेच्या अभ्यासकाने छिन्नी हातात का घ्यावी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे एक उत्तर शब्दांतच दडलेले आहे. ‘लिहिणे’ हे क्रियापद संस्कृत ‘लिख्’ धातूपासून आले आणि ‘लिख्’चा मूळ अर्थ ओरखडणे, खरवडणे असा आहे. ‘लिपी’ हा शब्द परंपरेने ‘लिप्’ म्हणजे लेपणे, माखणे या धातूशी जोडला जातो. अशोकाच्या वायव्येकडील लेखांत ‘दिपि’ असे रूप आढळत असल्याने अनेक अभ्यासक त्याचे मूळ प्राचीन फारसीत शोधतात. व्युत्पत्तीचा निकाल कोणताही लागो, लेखनाच्या दोन रीती या दोन धातूंनी नेमक्या दाखवल्या आहेत. एका रीतीत पृष्ठभागावर काहीतरी चढते : शाई, रंग, खडू. दुसऱ्या रीतीत पृष्ठभागातून काहीतरी निघून जाते आणि गेलेल्याच्या जागी अक्षर उरते. आपण बहुतेक सारे पहिल्या रीतीने लिहिणारे. शिलालेख आणि ताम्रपट घडवणारे दुसऱ्या रीतीचे. लिपीचा इतिहास शिकवताना या दुसऱ्या रीतीच्या लोकांविषयी मी वर्षानुवर्षे बोलत आले. त्यांची अक्षरे मी कागदी ठशांवरून वाचली, त्यांच्या वळणांवरून शतके ठरवण्याच्या पद्धती वर्गात समजावून दिल्या. ती अक्षरे घडत असताना हाताला काय वाटते, हे जाणण्याची ओढ त्या शिकवण्यातूनच वाढत गेली.

कोरीव लेखन पाहण्यासाठी संग्रहालयात जावे लागते असे नाही. महाराष्ट्रातील जुन्या स्वयंपाकघरांत ते मांडणीवर ओळीने ठेवलेले असते. लग्नमुंजीत, वास्तुशांतीत दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची आपली पद्धत तुम्हांला ठाऊकच आहे. ‘चि.’, ‘सौ.’, ‘कै.’, ‘यांजकडून’, ‘यांचे स्मरणार्थ’, आणि शेवटी तारीख. संपूर्ण लेखात क्रियापद नसते. तरीही कोणी, कोणाला, कधी आणि कशासाठी दिले, हे सारे त्यात बसते. ‘यांजकडून’, ‘यांचे’ यांसारखी रूपे आपल्या बोलण्यातून गेली, पण भांड्यांवर टिकून राहिली. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचे नाव घरात एकाच ठिकाणी लिहिलेले होते : तिने सासरी आणलेल्या पितळी डब्यावर. सारखे दिसणारे चार डबे शेजारी असले, तरी ती अंधारातही स्वतःचा डबा बोटाने चाचपून काढीत असे. कागदावरच्या अक्षराने तिला ही सोय कधीच दिली नसती.

मी ज्यांच्याकडे शिकते त्यांना सारा बाजार ‘काका’ म्हणतो; मीही तसेच म्हणते. त्यांच्याकडे कोरण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली ठोकण्याची. अगदी लहान, चपट्या तोंडाची छिन्नी तिरकी धरायची आणि हलक्या हातोडीने तिच्यावर एकसारखे टोले द्यायचे. प्रत्येक टोल्यासरशी छिन्नी किंचित पुढे सरकते आणि मागे बारीक खाचांची रांग राहते. ही रांग दुरून पाहिली की रेघ दिसते. भांड्यांवरील बहुतेक जुनी नावे या पद्धतीने घातलेली आहेत. भिंगातून पाहिलीत तर प्रत्येक टोला वेगळा मोजता येतो. येथे धातू निघत नाही, तो दबतो आणि बाजूला सरतो.

दुसरी पद्धत रेटण्याची. यात हातोडी नसते. पोलादाच्या चौकोनी सळईला तिरका छेद देऊन टोक काढलेले असते आणि मागे लाकडाची गोल मूठ असते. काका या हत्याराला ‘कलम’ म्हणतात. मूठ तळहाताच्या खळग्यात बसवायची, बोटे सळईच्या बाजूंनी ठेवायची, आणि तळहाताच्या जोराने टोक धातूत रेटीत न्यायचे. अंगठा पत्र्यावर टेकलेला असतो. तो लगामाचे काम करतो. टोकापुढे धातूचा बारीक कीस कुरळा होऊन वर येतो. ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ डोळ्यांसमोर पाहायचा असेल, तर तो हा कीस.

कलम हातात घेण्याआधीचे पहिले कित्येक आठवडे धार लावण्यात जातात. सळईचे तोंड साधारण पंचेचाळीस अंशांत घासायचे. मग खालच्या दोन कडांना किंचित उतार द्यायचा, म्हणजे टोक पत्र्याला लागलेले असतानाही मूठ थोडी वर राहते आणि बोटांना जागा मिळते. हा उतार कमी पडला तर हात पत्र्यावर घासतो. जास्त झाला तर टोक खोल शिरते आणि अडकून तुटते. धार पाहण्याची रीत सोपी आहे. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचे. ते घसरले तर धार नाही. नखाला धरून राहिले तर आहे. नवशिक्याला वाटते की आपला हात चुकतो आहे. पुष्कळदा हात ठीक असतो आणि धार गेलेली असते. काका रेघेकडे पाहतच नाहीत. ते कलम मागून घेतात, नखाला लावतात, आणि काही न बोलता सहाण पुढे सरकवतात.

त्यानंतर सरळ रेघा. तांब्याच्या पत्र्यावर पांढरा रंग पातळ पसरायचा, वाळला की त्यावर पेन्सिलीने समांतर रेघा आखायच्या आणि एकेक कोरीत जायचे. तांबे मऊ असते, पण चिकटही असते. पितळेत रेघ अधिक स्वच्छ येते. रेघेची खोली जोरावर अवलंबून नसते. ती मुठीच्या उंचीवर अवलंबून असते. मूठ केसभर उचलली की टोक खाली शिरते, केसभर उतरवली की वर येते. फारच उतरवली तर कलम पत्र्यावरून निसटते आणि पार कडेपर्यंत ओरखडा जातो. म्हणून दुसरा हात कधीही टोकासमोर येता कामा नये, हा येथील पहिला नियम. शाईने लिहिताना आपण उंचीचा विचार कधी करीत नाही. कागदाला लांबी आणि रुंदी एवढेच असते. धातूवर लिहिताना तिसरी दिशा जागी होते. अक्षर आत असते.

सरळ रेघ बऱ्यापैकी साधली की वळण येते, आणि ‘वळण’ या शब्दाचा सारा परिवार तेथे भेटतो. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, मुलांना वळण लावायचे असते, सवय अंगवळणी पडते. कागदावर वळण काढताना आपला हात फिरतो. कोरताना हात जागेवर राहतो आणि पत्रा फिरतो. पत्रा वाळूने भरलेल्या कातडी उशीवर ठेवलेला असतो. डावा हात त्याला सावकाश कलमाच्या तोंडाकडे वळवत नेतो आणि उजवा हात सरळच रेटत राहतो. दोन हातांच्या या समजुतीतून गोलाई निर्माण होते. काकांनी दोन वर्षांत मला जी मोजकी वाक्ये सांगितली, त्यांतले एक याविषयी होते : “हात कशाला फिरवताय मॅडम? पत्रा फिरवा.” वळण हे उजव्या हाताचे काम आहे अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते डाव्या हाताचे निघते.

वळणाच्या सरावासाठी काकांनी मला ‘ठ’ दिला. पोकळ गोल आणि वर एक छोटा दांडा, एवढेच हे अक्षर. परंतु पूर्ण गोल ही कोरणाऱ्याची सर्वांत कठीण परीक्षा. निघालो तेथेच नेमके परत यायचे असते आणि जोड दिसू द्यायचा नसतो. मला या अक्षराचे आणखी एक कौतुक वाटले. अशोककालीन ब्राह्मीत ‘क’ म्हणजे बेरजेच्या चिन्हासारख्या दोन छेदणाऱ्या रेघा. आजच्या ‘क’मध्ये ते चिन्ह शोधावे लागते. ‘ठ’ मात्र तेव्हाही गोलच होता. दोन हजारांहून अधिक वर्षांत त्याच्या डोक्यावर दांडा आणि रेघ आली, गोल तसाच राहिला. आजच्या नवशिकीने ‘ठ’ कोरताना डाव्या हाताला जी कसरत करावी लागते, तिच्या जवळपासची कसरत कातळावर ब्राह्मी ‘ठ’ काढणाऱ्यालाही करावी लागली असेल; फरक इतकाच की कातळ फिरत नाही, त्याला स्वतःच फिरावे लागले असेल. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांचा लेख पुढच्या वेळी पाहाल तेव्हा अक्षरे वाचण्याआधी थोडे थांबून तो माणूस कोठे उभा राहिला असेल, याचा विचार करून पाहा.

अशा आणखी काही गोष्टी हाताने सांगितल्या. आपण कागदावर शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ देतो. काका आधी संपूर्ण नावाची रेघ आखतात आणि मग अक्षरे तिच्यावरून खाली सोडतात. मोडी लिहिणारेही ओळीची रेघ आधी मारून घेत आणि मग अक्षरे जोडत जात. रेघ आधी असली की अक्षरे एका उंचीवर राहतात आणि जागेचा अंदाज येतो. भांड्याच्या गोल पोटावर तर तिच्यावाचून निभाव लागत नाही. देवनागरीतील जाड-बारीक रेघांचा उगम बोरूच्या तिरक्या टोकात आहे, हे आपण लिपिविज्ञानात वाचतो. कलमाला तसे टोक नसते. त्याचे तोंड त्रिकोणी खाच पाडते. जाड रेघ हवी असेल तेथे रेटता रेटता कलम एका कुशीवर कलते करावे लागते, म्हणजे खाच रुंदावते. पुन्हा सरळ केले की ती निमुळती होते. बोरूला जे आपोआप घडत होते, ते येथे मनगटाने ठरवून घडवावे लागते. धातूवरील सुंदर देवनागरी म्हणजे एका हत्याराने दुसऱ्या हत्याराची ठेवलेली आठवण आहे.

मित्रहो, आता इतिहासातील एका प्रसंगाकडे वळू; या प्रसंगानेच मला प्रयोजक क्रियापदाकडे परत आणले. भगवद्गीतेच्या प्रती छापून घेण्याचा मनोदय नाना फडणवीस यांनी धरला होता. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी असताना एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला आत्मसात केलेली होती. 1800 मध्ये नाना निवर्तले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ते काम तडीस गेले आणि 1805 मध्ये कोरीव ताम्रपत्रांवरून गीता छापली गेली. छपाईच्या पत्र्यावर अक्षर उलटे कोरावे लागते, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटते. सातशे श्लोक, आणि प्रत्येक वेलांटी, प्रत्येक काना आरशातल्यासारखा उलट्या दिशेने. दोन वर्षे सुलटी अक्षरे कोरल्यावर हे वाक्य मी पूर्वीसारखे सहज उच्चारू शकत नाही.

त्याच 1805 या वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळे वापरून प्रसिद्ध झाले. श्रीरामपूरच्या खिळ्यांमागे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांचे हात होते. खिळा पाडण्यासाठी आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटे कोरावे लागते. ते तांब्यात ठोकून साचा करतात आणि साच्यात धातू ओततात. ‘कर्मकार’ म्हणजे लोहार. छापील मराठीचा पाया लोहाराच्या आणि तांबटाच्या हातांनी घातला गेला आहे.

परंतु या घटना आपण भाषेत कशा मांडतो, ते पाहा. ‘पटवर्धनांनी गीता छापवली.’ ‘त्यांनी ती तांबटाकडून कोरवून घेतली.’ कर्ता आश्रयदाता. कोरणारा ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाला टेकून उभा. ही मांडणी आजची नाही. मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत ज्याची गणना होते, त्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या लेखातील क्रियापद आठवा : ‘करवियले’. चामुंडरायाने करवियले. आपल्या भाषेचे दगडावर उमटलेले हे सुरुवातीचे क्रियापद प्रयोजक आहे. ज्याने ते अक्षर अक्षर करून दगडात उतरवले, त्याला या वाक्यात ‘कडून’ एवढीही जागा मिळालेली नाही. अनेक ताम्रपटांच्या शेवटी लेखकाचे, कधी कोरणाऱ्याचेही नाव येते, हे मी विसरत नाही. परंतु दान देणारा राजा पहिल्या ओळींत आणि कोरणारा शेवटच्या ओळीत, हा क्रम बहुधा कायम असतो. भांड्यांचेही तसेच. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव. नाव घालणाऱ्याचे नाव कधी नाही.

आमचा शिक्षकी पेशाही प्रयोजकच आहे. ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’चे प्रयोजक रूप : दुसऱ्याकडून शिकण्याची क्रिया घडवून आणणे. तीस वर्षे मी या रूपात राहिले. काका हे क्रियापद स्वतःपुरते वापरीत नाहीत. “मी शिकवतो” असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. “बसा, हाताला येईल,” असे ते म्हणतात. ‘हाताला येणे’, ‘हात बसणे’, ‘अंगवळणी पडणे’ या आपल्या वाक्प्रचारांत करवणारा कोणी नसतो. विद्या येते, हात बसतो, सवय पडते. माणसाने त्या जागी रोज हजर राहायचे असते.

यानंतर आपल्या ‘व’कडे पुन्हा पाहू, कारण मराठीने या एका प्रत्ययावर दोन कामे सोपवली आहेत. ‘मी पत्र वाचवते’ म्हणजे मी ते दुसऱ्याकडून वाचून घेते. परंतु ‘मला पत्र वाचवते’ म्हणजे ते वाचण्याची शक्ती माझ्यात आहे. पहिले प्रयोजक, दुसरे शक्य क्रियापद. रूप जवळजवळ एकच. कर्ता प्रथमेतून चतुर्थीत गेला की सत्तेचे क्रियापद सामर्थ्याचे होते. शक्य क्रियापदाचा वापर बारकाईने ऐकलात तर असे दिसेल की, ते बहुतेक वेळा नकाराबरोबर येते : राहवले नाही, बघवत नाही, आता जिना चढवत नाही. शक्तीची जाणीव माणसाला ती सरू लागल्यावर होते, हे जणू भाषेने आधीच हेरून ठेवले आहे.

काकांच्या तोंडून हे रूप मी गेल्या वर्षी ऐकले. दुकानात वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी तांब्या घेऊन एक तरुण आला होता. हल्ली नावे बहुधा विजेच्या थरथरणाऱ्या पेनाने किंवा लेझर यंत्राने घातली जातात. काम झटपट होते आणि सगळ्या अक्षरांना संगणकावरचे एकच वळण मिळते. या तरुणाला ते नको होते. घरातल्या बाकीच्या भांड्यांवर काकांचे अक्षर होते आणि हा तांब्या त्यांच्यातच बसायला हवा होता. नाव लहान अक्षरांत, गळ्याखालच्या अरुंद पट्टीवर यायचे होते. काकांनी तांब्या हातात फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “बारीक आता मला कोरवत नाही.” त्यांचा हात अलीकडे सूक्ष्म कापतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी आखून देतो. मॅडम कोरतील.”

तोवर मी कोरलेले सगळे सरावाच्या पत्र्यांवर होते. पत्रा वितळवता येतो. दुसऱ्याच्या वडिलांचे नाव असलेला तांब्या तसा नसतो. त्या तरुणाने एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. काकांनी रेघ आखली, तिच्याखाली त्यांच्या वळणाची अक्षरे पेन्सिलीने सोडली : ‘कै.’, मग नाव, मग ‘यांचे स्मरणार्थ’. पेन्सिलीच्या अक्षराला हात कापल्याने फारसे बिघडत नाही. मी कलमाला धार लावली, नखावर पाहिली, पुन्हा लावली. तांब्या उशीवर कलता करून डाव्या हाताने फिरवीत दोन तासांत ते नाव पूर्ण केले. त्या दोन तासांत लिपीच्या इतिहासातील एकही गोष्ट मला आठवली नाही. प्रत्येक अक्षर म्हणजे फक्त पुढचा केसभर रस्ता होता. काम झाल्यावर काकांनी चष्मा लावला नाही. अंगठ्याची कड नावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि म्हणाले, “लागतंय हाताला. द्या.”

या घटनेचे व्याकरण मी नंतर मांडून पाहिले. नाव कोणी घातले? वळण काकांचे, रेघ काकांची, निर्णय काकांचा. म्हणजे ‘काकांनी कोरवले’, आणि ‘माझ्याकडून’ कोरवले. ज्या ‘कडून’ने तांबटाला वाक्याच्या कडेला उभे केले होते, तो आता माझ्या वाट्याला आला होता, आणि ती जागा मला मुळीच कमीपणाची वाटली नाही. त्याच वेळी दुसरे वाक्यही खरे होते : ‘मला कोरवले.’ एकच रूप. एका वाक्यात ते काकांच्या अधिकाराचे, दुसऱ्यात माझ्या नव्या सामर्थ्याचे. गुरू जेव्हा ‘करवतो’ आणि शिष्याला ‘करवते’, तेव्हा विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली असते. या दोन अर्थांचे प्रत्यय इतिहासात एकत्र कसे आले, याचा विचार भाषावैज्ञानिक आपल्या पद्धतीने करतील. मला ते एकत्र असल्याचा अनुभव तांब्याच्या गळ्यापाशी आला.

काकांची छिन्नी-हातोडी उचलायला त्यांच्या घरातून कोणी पुढे आलेले नाही. माझ्यासारख्या आठवड्यातून दोनदा येणाऱ्या नवशिकीने ती परंपरा चालेल, असे मी म्हणणार नाही. एक कसब टिकायला त्यावर पोट भरणारी माणसे लागतात आणि नाव घालून मिळणाऱ्या पैशांत आज पोट भरत नाही. परंतु अक्षर होताना काय घडते, याची साक्ष देऊ शकणारे आणखी दोन हात तयार झाले, एवढे मात्र खरे. लिपीचा पाठ मी आता वर्गात वेगळ्या रीतीने घेते. ठसे दाखवण्याआधी तांब्याचा एक पत्रा आणि भिंग विद्यार्थ्यांच्या हाती देते, आणि रेघ बोटाने वाचायला सांगते.

हा लेख मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिताना मला विशेष आनंद होत आहे, त्याचे कारण सांगते. तुमच्यापैकी अनेकजण दिवसभर काही ना काही हातांनी करतात. कोणी शेती करते, कोणी शिवणकाम करते, कोणी वाहन चालवते, कोणी यंत्रावर उभे असते, कोणी रुग्णालयात शुश्रूषा करते. साधी क्रियापदे तुमच्या हाताशी आहेत. रात्री पुस्तक उघडून तुम्ही नवशिके होता. मी पुस्तकांतून उठून दुकानात गेले आणि नवशिकी झाले. आपली वाट एकच आहे, चालण्याच्या दिशा तेवढ्या उलट आहेत. पन्नाशीत पहिली रेघ कोरताना बोटे ज्या तऱ्हेने अवघडतात, त्याच तऱ्हेने बऱ्याच वर्षांनी निबंध लिहायला बसणाऱ्याचे वाक्य अवघडते. दोन्ही ठिकाणी धार आधी पाहावी, मग हाताला दोष द्यावा.

या घटकाच्या निमित्ताने दोन गोष्टी करून पाहा. घरातील जुन्या भांड्यांवरची नावे उजेडात धरून वाचा. ती ठोकलेली आहेत की रेटलेली, अक्षराचे वळण कसे आहे, कोणती जुनी रूपे तेथे टिकली आहेत, याची नोंद करा. शक्य असेल तर एकदा डोळे मिटून बोटानेही वाचा. आणि तुम्ही जे काम करता त्यातील क्रियापदांची यादी करा. त्यांतील जी क्रिया आता तुम्हांला सहज ‘करवते’, पण शब्दांत सांगता येत नाही, तिच्यावर एक परिच्छेद लिहा. तो लिहिताना तुमच्या लक्षात येईल की, भाषेत अजून पुष्कळ कोरी जागा शिल्लक आहे.